विश्लेषण : नोकरी सांभाळून ‘नेतृत्वा’ची पदव्युत्तर पदवी... घोडे लघुप्रबंधापाशीच का अडते?

कंपन्यांतील व्यवस्थापक, बँक अधिकारी, मुख्याध्यापक, रुग्णालयांचे प्रशासक, दुसऱ्या कारकीर्दीच्या शोधातले माजी लष्करी अधिकारी... दहा-पंधरा वर्षे नोकरी केल्यावर पुन्हा विद्यार्थी होणाऱ्यांचा हा वर्ग. शनिवार-रविवारचे वर्ग, रात्रीची ऑनलाइन व्याख्याने, गटाने करायचे प्रकल्प, परीक्षा हे सारे ते निभावून नेतात. शेवटी उरतो लघुप्रबंध, म्हणजेच डिझर्टेशन. आणि अनेकांचे वेळापत्रक तिथेच कोलमडते. एकीकडे नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर शिक्षणातील संशोधनाची जागा बदलली आहे. दुसरीकडे काही मिनिटांत पन्नास पाने लिहून देणारी एआय साधने मोबाइलवर आली आहेत. अशा वेळी लघुप्रबंधाचे नियम काय, तो अडतो कुठे आणि त्याची आज खरोखर गरज आहे का, याचा आढावा.

कार्यकारी नेतृत्वाची पदवी म्हणजे काय?

नोकरीत मुरलेल्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम ही कल्पना जुनी आहे. शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये पहिला एक्झिक्युटिव्ह एमबीए सुरू केला. परदेशात आता ‘एक्झिक्युटिव्ह लीडरशिप’ अशा थेट नावाच्या पदव्युत्तर पदव्याही मिळतात. भारतात हाच आशय बहुधा एक्झिक्युटिव्ह एमबीए, व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका किंवा मुक्त आणि ऑनलाइन एमबीएच्या माध्यमातून शिकवला जातो. वित्त, विपणन यांसारख्या विषयांपेक्षा माणसे सांभाळणे, बदल घडवणे, संकटात निर्णय घेणे, संघटनेची संस्कृती यांवर त्यात भर असतो.

येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. नामांकित संस्थांचे ‘लीडरशिप’ नावाचे कित्येक कार्यक्रम हे काही महिन्यांचे प्रमाणपत्र असते, पदवी नव्हे. त्यात लघुप्रबंध नसतो आणि पुढील शिक्षणासाठी ते पदवीच्या तोलाचे मानले जात नाही. भारतीय व्यवस्थापन संस्थांना, म्हणजे आयआयएमना, पदवी देण्याचा अधिकार मिळाला तोच २०१७च्या कायद्याने. तोवर त्या पदविका देत. महाराष्ट्रात नागपूरची आयआयएम आणि २०२३च्या दुरुस्तीनंतर ‘निटी’ची झालेली मुंबईची आयआयएम या दोन्ही संस्था त्याच कायद्याखाली येतात. आपण घेत आहोत ती पदवी, पदविका की प्रमाणपत्र, हे माहितीपत्रकात पहिल्यांदा पाहायला हवे.

लघुप्रबंधाबाबत नियम काय सांगतात?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. त्यात तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना दुसरे वर्ष पूर्णपणे संशोधनाला देण्याची मुभा सुचवली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी जो श्रेयांक आराखडा आणला, त्यात दुसऱ्या वर्षासाठी तीन पर्याय आहेत : केवळ वर्गातले शिक्षण, एक सत्र वर्गातले शिक्षण आणि एक सत्र संशोधन, किंवा दोन्ही सत्रे संशोधन. म्हणजे लघुप्रबंध न करताही पदव्युत्तर पदवी मिळण्याची वाट राष्ट्रीय आराखड्यात आहे.

महाराष्ट्राने २०२३ मधील शासन निर्णयांद्वारे वेगळी रचना स्वीकारली. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी एकूण ८८ श्रेयांकांची. त्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे चार, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचे चार आणि चौथ्या सत्रात सहा श्रेयांक ठेवले आहेत. प्रकल्पाचे एकूण १० श्रेयांक झाले. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे, विशेषतः एआयसीटीईच्या कक्षेतील एमबीएचे आराखडे वेगळे असतात. तेथे ‘प्रकल्प’, ‘कॅपस्टोन’, ‘डिझर्टेशन’ अशी वेगवेगळी नावे आढळतात. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठात एमबीएच्या प्रकल्पाचा प्रस्ताव आधी मंजूर करून घ्यावा लागतो.

ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवी १८० श्रेयांकांची असते आणि त्यातले साधारण ६० लघुप्रबंधाला असतात. पदवीचा एक-तृतीयांश भाग या एकाच कामावर तोललेला असतो.

प्रत्यक्षात काम किती?

श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे तास. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० श्रेयांक धरले आहेत, म्हणजेच एका श्रेयांकाला ३० तास. या हिशेबाने १० श्रेयांकांचा प्रकल्प ३०० तासांचा होतो. ब्रिटनमध्ये एक श्रेयांक १० तासांचा, त्यामुळे ६० श्रेयांकांचा लघुप्रबंध ६०० तासांचा.

नोकरी, प्रवास आणि घर सांभाळून आठवड्याला १० तास काढता आले, तर ३०० तासांना ३० आठवडे लागतात आणि ६०० तासांना ६०. वार्षिक हिशेबाची धावपळ, लेखापरीक्षण, सणवार, मुलांच्या परीक्षा आणि आजारपणे यात धरलेली नाहीत. बहुतेक जण मात्र ‘शेवटच्या दोन महिन्यांत सुट्टी काढून लिहून टाकू’ असा विचार करतात. लिहिण्यासाठी दोन महिने पुरतीलही. त्याआधी विषय ठरवणे, परवानग्या, मुलाखतींच्या वेळा आणि विश्लेषण ही कामे मात्र सुट्टी काढून लवकर संपत नाहीत, कारण ती दुसऱ्यांच्या सोयीवर अवलंबून असतात.

विषय ठरवताना कुठे चुकते?

पहिला अडथळा येतो तो विषयाच्या आकाराचा. ‘परिवर्तनशील नेतृत्वाचा कर्मचाऱ्यांच्या कामगिरीवर होणारा परिणाम’ असे शीर्षक भारदस्त दिसते. पण कोणते नेतृत्व, कोणते कर्मचारी, कामगिरी मोजायची कशी, हे काहीच त्यातून कळत नाही. परिवर्तनशील नेतृत्वाची मांडणी जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये केली, बर्नार्ड बॅस यांनी १९८५ मध्ये ती संघटनांच्या अभ्यासाला जोडली. तेव्हापासून त्यावर जगभर इतके लिहिले गेले आहे, की त्यात आणखी एका सर्वसाधारण प्रश्नावलीची भर घालून हाती नवे काही लागत नाही.

याउलट समजा, चाकणच्या एखाद्या वाहनसुट्या भागांच्या कारखान्यातील व्यवस्थापकाने असा प्रश्न घेतला : ‘रात्रपाळीत मशीन बंद पडले, तर सुपरवायझर त्याची नोंद कधी करतात आणि कधी टाळतात? शिफ्ट इन्चार्ज कसा वागतो यावर ते किती अवलंबून असते?’ विषय तोच, नेतृत्वाचा. पण आता पाहायची जागा ठरली, बोलायची माणसे ठरली, मशीनचे लॉगबुक हा पडताळ्याचा पुरावाही मिळाला.

अशा नेमक्या प्रश्नातून काय हाती लागू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचे आहे. विद्यार्थिदशेत त्या रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या चमूंत चुका कमी असतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले. ज्या चमूंचे नेतृत्व चांगले, तिथे चुकांची नोंद जास्त होती. शोध घेता उलगडले ते असे, की त्या चमूंमध्ये चूक मोकळेपणाने सांगितली जात होती, इतरत्र ती झाकली जात होती. पुढे १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतील ५१ चमूंच्या अभ्यासातून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितते’ची संकल्पना मांडली. आज ती कॉर्पोरेट प्रशिक्षणांत सर्रास वापरली जाते.

आपल्याच कार्यालयाचा अभ्यास करणे सोपे की अवघड?

वरवर सोपे. माणसे ओळखीची, कागद हाताशी. खरी अडचणही त्यातच आहे. विद्यार्थी जेव्हा स्वतः साहेब असतो, तेव्हा त्याच्यासमोर बसलेला कनिष्ठ सहकारी नेतृत्वाबद्दल खरे बोलेल का? गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्यांवरून ‘सत्ता-अंतर’ हा निर्देशांक मांडला. वरिष्ठ आणि कनिष्ठांमधील असमानता लोक किती गृहीत धरतात, हे तो सांगतो. त्यात भारताचा आकडा ७७, अमेरिकेचा ४०. आकड्यांवर वाद आहेत, पण साहेबाच्या केबिनमध्ये घेतलेल्या मुलाखतीत ‘सगळे छान चालले आहे’ हेच उत्तर मिळणार, हे कोणत्याही मराठी कार्यालयात काम केलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

संघटनेत राहून तिचाच अभ्यास करणे अशास्त्रीय नाही. टेरेसा ब्रॅनिक आणि डेव्हिड कॉगलन यांनी २००७ मध्ये अशा अभ्यासाची बाजू सविस्तर मांडली आहे. मात्र त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. आपल्याला थेट अहवाल देणाऱ्यांच्या मुलाखती घेऊ नयेत. दुसऱ्या विभागातील किंवा दुसऱ्या प्रकल्पातील माणसे निवडावीत. सहभाग ऐच्छिक आहे आणि मधेच माघार घेता येईल, हे लेखी द्यावे. नावे बदलणे पुरेसे नसते. ‘रात्रपाळीतील एकमेव महिला सुपरवायझर’ एवढे लिहिले तरी कारखान्यात ती कोण हे सर्वांना कळते. नोकरी जाण्याची किंवा बदली होण्याची भीती असलेल्या माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट छापील पानावर येणार असते, याचे भान येथे ठेवावे लागते.

परवानगी आणि गोपनीयतेचे काय?

अनेक लघुप्रबंध रखडतात ते येथे. विषय मंजूर होतो, पहिले प्रकरण लिहून होते आणि मग एचआर किंवा विधी विभाग माहिती द्यायला नकार देतो. त्यामुळे प्रस्ताव सादर करण्याआधीच कंपनीचे परवानगीपत्र घ्यावे. त्यात कोणती माहिती, किती काळासाठी, कंपनीचे नाव द्यायचे की नाही आणि अंतिम मसुदा कोण पाहणार, हे स्पष्ट असावे.

कायद्याच्या तीन बाजू लक्षात घ्याव्या लागतात. एक, ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण ती सशर्त आहे. त्या माहितीच्या आधारे एखाद्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेता येत नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळावी लागतात. म्हणजे अभ्यासासाठी घेतलेली मुलाखत नंतर त्याच माणसाच्या वार्षिक मूल्यमापनात वापरली, तर सवलतीचा आधार उरत नाही. दोन, कंपनी शेअर बाजारात नोंदणीकृत असेल तर सेबीचे २०१५चे इनसायडर ट्रेडिंगविषयक नियम. जाहीर न झालेली, भावावर परिणाम करू शकणारी माहिती गाइडलाही दाखवता येत नाही. तीन, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९७९चे वर्तणूक नियम. कार्यालयातील माहिती परवानगीविना बाहेर देण्यास त्यात मनाई आहे. अशांनी माहिती अधिकार कायद्याखाली खुली असलेली कागदपत्रे, प्रकाशित अहवाल आणि वार्षिक लेखे यांवर अभ्यास उभा केला तर अडचण कमी येते.

परवानगी नाकारली गेलीच तर दुसरा मार्ग आधीच आखलेला असावा. उदाहरणार्थ, एका कंपनीऐवजी त्याच क्षेत्रातील पाच-सहा कंपन्यांतील समपदस्थ अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक पातळीवरील मुलाखती.

प्रश्नावली की मुलाखती? आणि किती?

गूगल फॉर्म बनवून व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकायचा आणि शंभर उत्तरे गोळा करायची, ही आज सर्वांत लोकप्रिय पद्धत. ती कमकुवत ठरते, कारण उत्तर देणारे कोण हेच नक्की नसते. त्याच माणसाला ‘तुमचा वरिष्ठ कसा आहे’ आणि ‘तुम्ही समाधानी आहात का’ असे एकाच वेळी विचारले, की दोन्ही उत्तरे एकाच मनःस्थितीतून येतात आणि त्यांच्यातला संबंध फुगून दिसतो. शिवाय तयार प्रश्नावल्या फुकट वापरता येतातच असे नाही. नेतृत्वशैली मोजणारी ‘एमएलक्यू’ ही प्रसिद्ध प्रश्नावली परवाना घेऊनच वापरावी लागते.

मुलाखती कमी लागतात, पण त्या खोल असाव्या लागतात. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातील ६० मुलाखतींचे विश्लेषण तपासले. पहिल्या १२ मुलाखतींनंतर नवे मुद्दे फारसे येईनासे झाले होते. त्यांचा गट एकसारखा होता, त्यामुळे हा आकडा सरसकट लागू करता येत नाही. मात्र एकाच स्तरावरील लोकांच्या बारा-पंधरा नीट घेतलेल्या मुलाखती हा पदव्युत्तर पातळीवर मानाने उभा राहणारा आधार आहे.

मराठी बोलणाऱ्यांच्या मुलाखती इंग्रजी लघुप्रबंधात नेताना आणखी एक काम वाढते. कार्यालयातला ‘बघू’ हा शब्द बहुतेक वेळा नकार असतो. ‘वरून आले आहे’ यात आदेशही असतो आणि जबाबदारी झटकणेही. याचे शब्दशः इंग्रजी केले तर नेतृत्वाबद्दलची नेमकी माहितीच हरवते. मूळ मराठी वाक्य परिशिष्टात ठेवून त्याचा अर्थ मजकुरात समजावणे हा सोपा उपाय आहे. त्याला गाइडची संमती मात्र आधी घ्यावी.

सिद्धांत पाश्चात्त्यच वापरायचे का?

तशी सक्ती नाही. पाटण्यात काम केलेले मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये भारतीय कार्यालयांच्या अभ्यासातून वेगळी मांडणी केली. भारतीय कनिष्ठाला वरिष्ठाकडून जिव्हाळा हवा असतो, पण तो कामाच्या अटीवर मिळावा. काम करणाऱ्याला माया आणि हळूहळू मोकळीक, असे या नेतृत्वाचे सूत्र. साखर कारखाना, सहकारी बँक, शिक्षणसंस्था किंवा कौटुंबिक उद्योग यांचा अभ्यास करणाऱ्याला ही मांडणी अमेरिकी पुस्तकांपेक्षा जवळची वाटू शकते.

त्याचबरोबर नेतृत्वाचे श्रेय तपासून घेणाऱ्या सिद्धांतांकडेही पाहायला हवे. जेम्स मेइंडल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले, की संघटनेचे खूप चांगले किंवा खूप वाईट झाले की लोक त्याचे कारण नेत्यातच शोधतात, बाकीच्या कारणांकडे डोळेझाक करतात. स्वतः नेतृत्वाच्या पदावर असलेल्या विद्यार्थ्याला हा सिद्धांत पचायला जड जातो. पण त्याच्याशी झुंजलेल्या लघुप्रबंधाला परीक्षक वेगळ्या नजरेने पाहतात.

एआयची मदत घेतली तर?

भारतात वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीची जुलै २०१८ची नियमावली लागू आहे आणि ती पदव्युत्तर लघुप्रबंधांनाही लागू होते. इतरांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या ठरवून दिलेल्या मुदतीत सुधारून द्यावे लागते. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर पुन्हा सादर करण्यास मनाई आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अवतरणे, कायद्यांचा मजकूर यातून वगळला जातो. निरीक्षणे, निष्कर्ष आणि शिफारशी मात्र स्वतःच्याच असल्या पाहिजेत.

ही नियमावली चॅटजीपीटी येण्याच्या चार वर्षे आधीची आहे. साम्य मोजणारे सॉफ्टवेअर नक्कल पकडते. एआयने नव्याने जुळवलेली वाक्ये त्या मोजणीत येत नाहीत. एआय ओळखणारी साधनेही भरवशाची नाहीत. ओपनएआयने स्वतःचे असे साधन कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी सरासरीने यंत्राचे ठरवले. मराठी माध्यमातून आलेल्या आणि साधे, ठरीव इंग्रजी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा खरा धोका आहे. जुने मसुदे, तारखांसह टिपणे, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे जपून ठेवणे हाच त्यावरचा बचाव.

भाषा सुधारणे किंवा लेखांची प्राथमिक यादी करणे यासाठी एआय वापरण्यास काही विद्यापीठे मुभा देतात, काही देत नाहीत. तो नियम लेखी विचारून घ्यावा. न केलेल्या मुलाखतींतील वाक्ये तयार करून घेणे ही मात्र बनावट माहिती ठरते. एआय अस्तित्वात नसलेले संदर्भही बिनदिक्कत देते. व्हायव्यात परीक्षकाने त्यातल्या एखाद्या लेखाबद्दल विचारले की पितळ उघडे पडते. कार्यालयातील गोपनीय माहिती अशा साधनांत टाकणे हा तर कंपनीच्या नियमांचाही भंग होऊ शकतो.

विकतचा लघुप्रबंध घेतला तर?

विद्यापीठांच्या परिसरातील झेरॉक्सच्या दुकानांपासून टेलिग्रामच्या गटांपर्यंत ‘प्रोजेक्ट तयार मिळेल’ हा धंदा उघड चालतो. इंग्लंडने २०२२च्या कायद्याने असे लेखन पैसे घेऊन पुरवणे गुन्हा ठरवले. भारतात यूजीसीचे नियम विद्यार्थ्यावर कारवाई करतात. नोकरदार विद्यार्थ्याला पैसे मोजणे इतरांपेक्षा सोपे असते, म्हणून तो या धंद्याचे नेमके गिऱ्हाईक ठरतो. त्याची जोखीमही इतरांपेक्षा मोठी असते. पदवीवर आधारित पदोन्नती मिळाल्यानंतर प्रकरण बाहेर आले, तर पदवीसोबत नोकरीही पणाला लागते.

परदेशी ऑनलाइन पदवी घेणाऱ्यांनी काय तपासावे?

यूजीसीच्या मान्यतेशिवाय एड-टेक कंपन्यांशी हातमिळवणी करून दिल्या जाणाऱ्या परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत, असा इशारा आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला होता. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी एप्रिल २०२५ मध्ये नवे नियम आले. खासगी कंपनीतील पदोन्नतीसाठी पदवी हवी असेल तर प्रश्न मालकाच्या धोरणाचा आहे. सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएच.डी. डोळ्यांसमोर असेल, तर समकक्षता मिळेल का, हे शुल्क भरण्याआधीच तपासावे. सहाशे तासांचा लघुप्रबंध पूर्ण केल्यावर ते कळून उपयोग नसतो.

लघुप्रबंध अपूर्ण राहिला तर सगळे वाया जाते का?

नाही. यूजीसीच्या आराखड्यात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. मिळवलेले श्रेयांक ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये कमाल सात वर्षे राहतात. इग्नूच्या दोन वर्षांच्या एमबीएला कमाल चार वर्षे दिली जातात. ब्रिटनमध्ये १२० श्रेयांकांवर पदविका मिळते.

त्यामुळे आजारपण, बदली किंवा घरातील अडचण आली तर गप्प राहून मुदत उलटू देण्यापेक्षा लेखी अर्ज करून मुदतवाढ किंवा खंड मागणे केव्हाही चांगले. नोकरदार विद्यार्थी येथे एक विचित्र संकोच बाळगतात. कार्यालयात ते इतरांच्या मुदती ठरवणारे असतात, गाइडसमोर मुदत मागणे त्यांना कमीपणाचे वाटते. महिनोन्महिने संपर्क तुटतो आणि मग प्रवेशच रद्द होण्याची वेळ येते. पंधरा दिवसांतून एकदा, दोन पाने का होईना, गाइडला पाठवण्याचा शिरस्ता ठेवला तर ही वेळ येत नाही.

वेळापत्रक कसे असावे?

तीस आठवड्यांचा हिशेब धरला तर पहिले पाच आठवडे प्रश्न आणि परवानगीला द्यावेत. पुढचे सहा आठवडे वाचनाला. त्यात शंभर लेखांच्या याद्या करण्यापेक्षा आपल्या प्रश्नाला भिडणारे पंचवीस-तीस लेख नीट वाचावेत. मुलाखती आणि कागदपत्रांसाठी आठ आठवडे, विश्लेषणाला पाच आणि लेखनाला सहा. मुलाखत झाली की त्याच आठवड्यात ती उतरवून काढावी. बारा ध्वनिमुद्रणे साठली की ती ऐकण्याचाच धसका बसतो. लेखनाची सुरुवात प्रस्तावनेने न करता पद्धतीच्या प्रकरणाने करणे सोपे जाते, कारण आपण काय केले हे सांगायला संदर्भ शोधावे लागत नाहीत. प्रस्तावना आणि सारांश सर्वांत शेवटी.

मग लघुप्रबंध ऐच्छिक करणे योग्य की अयोग्य?

ऐच्छिक करण्याच्या बाजूने व्यवहारी मुद्दा आहे. प्रत्येक व्यवस्थापकाला संशोधक व्हायचे नसते. गाइडची संख्या अपुरी असते, एकेका गाइडकडे विद्यार्थ्यांची रांग असते आणि परिणामी शिक्कामोर्तबापुरते प्रकल्प तयार होतात. असे प्रकल्प सक्तीने करून घेण्यापेक्षा ते नसलेले बरे, या म्हणण्यात तथ्य आहे.

दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. एम.फिल. बंद झाले. २०२२च्या यूजीसी नियमांनुसार पदव्युत्तर पदवीवरून थेट पीएच.डी.ला जाता येते. म्हणजे संशोधनाची रंगीत तालीम करण्याची पदव्युत्तर लघुप्रबंध हीच प्रमुख जागा आता उरली आहे. पीएच.डी. न करणाऱ्यांसाठीही नेतृत्वाच्या अभ्यासक्रमात त्याचे महत्त्व वेगळे आहे. वर्गात शिकवलेले संवादाचे, विश्वासाचे, मानसिक सुरक्षिततेचे सिद्धांत परीक्षेत लिहिता येतात. लघुप्रबंधात मात्र अधिकाऱ्याला आपल्या हुकमतीबाहेरच्या माणसांसमोर वही घेऊन बसावे लागते, त्यांचे ऐकून घ्यावे लागते आणि आपल्या गृहीतकाच्या विरोधात जाणारे उत्तरही जसेच्या तसे लिहावे लागते. पदावर गेल्यावर अशी संधी क्वचितच मिळते.

संस्थांनी त्यासाठी दोन गोष्टी केल्या तरी चित्र बदलेल. एक, प्रवेशाच्या वेळीच लघुप्रबंधाचे तास, मुदतवाढीचे आणि एआयचे नियम लेखी द्यावेत. दोन, परवानगीपत्राचा नमुना पहिल्याच सत्रात हाती द्यावा, म्हणजे कंपनीच्या नकारापायी चौथे सत्र वाया जाणार नाही. प्रवेश घेणाऱ्यानेही शुल्क, क्रमवारी आणि पदवीचे नाव विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा : आधीच्या तुकड्यांतील किती जणांनी लघुप्रबंध वेळेत पूर्ण केला? या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळते की टाळाटाळ होते, यावरून त्या अभ्यासक्रमाबद्दल बरेच काही कळते.